मामाचं क्रीम आणि बाईंच्या दोन हाका

माझा मामा केकमधलं क्रीम कानाने करायचा. डोळे आणि हात दुसऱ्या कामात गुंतलेले असायचे. मशीनकडे पाठ करून तो लांब सुरीने केकचे आडवे थर कापत उभा असायचा आणि मागे क्रीम फेटलं जात असायचं. सुरुवातीला नुसता खळखळाट. मग तो आवाज जाड, मऊ होत जायचा. आणि क्रीम अगदी जमायला आलं की तारांचा एक बारीक सरसर आवाज यायचा, रेशमी कापड बोटांतून ओढल्यासारखा. तो आला की मामा मागे न बघता हात लांब करून बटण बंद करायचा. ते क्रीम जिभेवर ठेवलं तर औषधालाही दाणा सापडायचा नाही. बेकरीत सगळे त्याला कानसेन म्हणायचे. त्यावर "काय हा चावटपणा" म्हणून तो तोंड वाकडं करायचा आणि दिवसभर खूश असायचा.

एकोणिसाव्या वर्षी तो तिथे खोकी जुळवायला लागला होता. चौतीस वर्षांत हळूहळू क्रीमच्या टेबलापर्यंत पोचला आणि मग तिथून कुणी त्याला हलवायची छाती केली नाही. भांडं आणि तारा आदल्या दिवसापासून थंड खोलीत ठेवायच्या, साखर मैद्यासारखी दळून घ्यायची, मशीन कधीही शेवटच्या वेगावर न्यायचं नाही. यात कुणी सूट मागितली की मामाचा पारा चढायचा. अर्धं मिनिट जास्त फिरलं तरी क्रीम लोण्याच्या वाटेला लागतं, दाणेदार होतं, मग त्याला देवही परत आणू शकत नाही, असं तो म्हणायचा. अगदी सुरुवातीलाच हात आवरला तर थोडं कच्चं क्रीम मिसळून सावरता येतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण सावरलेलं क्रीम विकणं त्याला उष्टं वाढण्यासारखं वाटायचं.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मामा-मामीने मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. बेकरीच्या काउंटरवरची नोकरीही मामानेच मिळवून दिली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मला किती झुकतं माप द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

घरी टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. मामी स्वयंपाकघरातून चारदा हाक मारायची तेव्हा मामा एकदा "हं" म्हणायचा. "नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही, यात नवीन ते काय?" असं म्हणून मामी हसायची, आम्हीही हसायचो. त्या हसण्यात दोन वर्षं गेली.

बेकरीतली थंड खोली एक बाई सांभाळायच्या. बाहेर अंगाची लाही होत असली तरी त्यांच्या अंगात तपकिरी स्वेटर असायचा, म्हणून त्या स्वेटरबाई. अकरा वर्षं त्यांनी क्रीमच्या एकाही डब्याला ऊन लागू दिलं नव्हतं. बोलायच्या कमी आणि हळू. मामा रोज तयार क्रीमचा पहिला चमचा त्यांच्यापुढे धरायचा. त्या "बरं आहे" एवढंच म्हणायच्या आणि मामाला तेवढं पुरायचं.

त्या दिवशी लग्नाचा पाच थरांचा केक होता. मी फिती घ्यायला आत गेले होते. मामा नेहमीसारखा पाठ करून कापत होता. मशीन फिरत होतं. सरसर आवाज आला, मी ऐकला. मामाचा हात काही हलला नाही. आवाज बदलला, भांड्यावर थपथप आपटल्यासारखा व्हायला लागला. थंड खोलीच्या दारातून बाईंनी हाक मारली, "दादा, मशीन!" मामा वळला नाही. त्यांनी पुन्हा, त्यांच्या मानाने पुष्कळच मोठ्याने, हाक मारली. मामा कापतच राहिला. बाईंचा चेहरा पडला. दरवाजा लोटून त्या आत गेल्या.

मी दोन पावलांवर होते. बटण मलाही दाबता आलं असतं. पण क्रीमच्या बाबतीत मामाला शहाणपण शिकवणारी मी कोण, असं म्हणून मी फिती उचलल्या आणि काउंटरवर आले.

मामाने नंतर बटण बंद केलं, पण घाई होती, त्याने चाखलं नाही, बाईंपुढे चमचाही धरला नाही आणि थर भरून टाकले. संध्याकाळी लग्नघरातून फोन आला. केकमध्ये कण लागतात, पाहुण्यांनी ताटलीत तसाच टाकला. बेकरीच्या मालकीणबाई संतापल्या. मामाने उरलेलं क्रीम बोटावर घेऊन चाखलं आणि तो पांढराफटक पडला.

"क्रीम गरम होतं," तो म्हणाला. "थंड खोलीचं दार उघडं राहिलं असणार. नाहीतर माझ्या हातून असं होईलच कसं?"

मामा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि क्रीम थंड नसलं तर फुटतं हे कुणालाही पटण्यासारखं. मालकीणबाईंनी स्वेटरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दार बंदच होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून खोक्यांच्या चळतीकडे बघत राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ. दुसऱ्या दिवसापासून स्वेटरबाई कामावर आल्या नाहीत.

दीड महिन्यात क्रीम आणखी दोनदा फुटलं. आता खापर फोडायला बाई नव्हत्या. तेवढ्यात मालकीणबाईंनी भट्टीला नवी घंटी बसवली. ती वाजली की आम्ही कानांत बोटं घालायचो. मामा म्हणाला, "बिघडलेली घंटी आणलीत, वाजतच नाही." सगळे हसले. मामाने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. त्याचा तो चेहरा मला अजून विसरता येत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी त्याला डोक्यावर यंत्र चढवून बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. कितीतरी वेळ त्याचं बोट बटणावर नुसतं ठेवलेलं होतं. बाहेर येऊन त्याने मला विचारलं, "सुरू केलं होतं ना गं त्यांनी?"

बारीक आवाज आधी जातात, डॉक्टर म्हणाले. हे वर्ष-दोन वर्षांपासूनचं दुखणं आहे. घरी येऊन मामा खुर्चीत बसला. चहा निवून गेला. मग म्हणाला, "म्हणजे दार बंदच होतं."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून मालकीणबाईंपुढे उभा राहिला. चूक माझी, त्या बाईंना परत बोलवा, मला हवं तर खोकी जुळवायला बसवा, असं म्हणाला. मालकीणबाई वाईट नव्हत्या. बोलवा म्हणाल्या. पण बोलवायला जायचं कुणी? मामाने मला बरोबर घेतलं, ऐकायला.

स्वेटरबाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दारातच इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग होते, लोकांचे. अंगात स्वेटर नव्हता, त्यामुळे त्या मला फार लहान दिसल्या. मामाने हात जोडले. कानांचं सांगितलं, माफी मागितली, उद्यापासून या म्हणाला. बोलताना त्याचा आवाज नको तेवढा चढला होता. शेजारचं दार किलकिलं झालं.

बाई त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात बोलल्या. नजर मामाकडे नव्हती, माझ्याकडे होती.

"दादांना ऐकू आलं नाही, ते दुखणं झालं. त्याचा राग नाही. मी दोन हाका मारल्या, त्या हिला ऐकू आल्या होत्या. विचारा हिला, आल्या होत्या ना ऐकू? तरी ही गप्प बसली. तिथे परत येऊन मी कुणाच्या भरवशावर काम करू?"

मामा मान हलवत होता. त्यातलं एक अक्षर त्याला कळलं नव्हतं. बाईंनी इस्त्री उचलली आणि आम्ही खाली उतरलो.

रस्त्यावर आल्याबरोबर त्याने विचारलं, "काय म्हणाल्या? येतात ना?"

"नाही म्हणाल्या," मी पुटपुटले.

"काय?"

"मामा, "हिलाच विचारा" असं त्यांनी तुला सांगितलंय."

"मोठ्याने बोल गं. काय सांगितलंय?"

कानात सांगून भागलं नसतं. शेजारी भाजीवाला होता, दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी मामावर एवढ्या मोठ्याने ओरडले. "बाईंनी तुला दोनदा हाक मारली होती! मी ऐकली होती! मशीनही मी ऐकलं होतं! आणि मालकीणबाईंपुढे मी गप्प बसले!"

बायका वळून बघायला लागल्या. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, पुन्हा "काय?" म्हणेल. देवा, म्हणू दे, असंही वाटलं.

"चल वर," तो म्हणाला. "हे त्यांच्या दारात म्हण. आणि एवढ्याच मोठ्याने म्हण."

त्याने माझं मनगट धरलं नाही, रागावलाही नाही. नुसता जिन्याच्या तोंडाशी बाजूला उभा राहिला, मला पुढे जाता यावं म्हणून.