लॉक फोल्डरमधलं माप

माझी आई ब्लाऊज शिवते. बदलापूर वेस्टला हेंद्रेपाड्यात आमचा वन बीएचके आहे, आणि हॉलमधली खिडकीकडची अर्धी बाजू म्हणजे तिचं दुकान. तिची माप घ्यायची पद्धत आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते सगळं त्या पद्धतीमुळेच झालं. बाकीचे टेलर म्हणतात, मापाचा ब्लाऊज आणून द्या. आई म्हणते, आणू नका, मी अंगावरचं माप घेते. आणि ते ती लिहीत नाही. दोन्ही हातात टेप असते, लिहिणार कशी? फोनचा रेकॉर्डर चालू करून मशीनवर ठेवते आणि टेप फिरवता फिरवता बोलत जाते. "बँकेतल्या वहिनी, सी बिल्डिंग. उंची चौदा. छाती छत्तीस. कंबर एकतीस. मुंढा सोळा. बाही दहा." मग कापायला बसली की तेच रेकॉर्डिंग लावते. हाताला खडू लागलेला असतो म्हणून पॉज कोपराने करते. मी कितीदा म्हटलंय, आई, वही घे. तर म्हणते, वही बोलत नाही.

प्रॉब्लेम फोनचा होता. सहा वर्षं जुना, स्टोरेज फुल, बॅटरी दुपारपर्यंत. रेकॉर्डरचं लाल बटण दाबलं की तीन-चार सेकंद काहीच व्हायचं नाही, मग एकदम चालू. म्हणजे पहिला आकडा गिळलेला. एकदा असाच उंचीचा आकडा गेला, आईने अंदाजाने कापलं, आणि ती बाई ट्रायलला आल्यावर दोन जणींसमोर म्हणाली, "वहिनी, हा माझ्या मुलीला शिवलात का?" आई हसली. पण त्या दुपारी जेवली नाही.

तेव्हाच मी ठरवलं की फोन सरळ करायचा.

मी बीएस्सी आयटी सेकंड इयरला आहे, त्यामुळे मला सगळं येतं असं मला वाटतं. जुन्या फोनला कंपनी अपडेट देणं बंद करते ना, तर जगात कुठेतरी कोणीतरी बसून त्याच मॉडेलसाठी नवं, हलकं अँड्रॉइड बनवून फुकट ठेवतं. त्याला कस्टम रॉम म्हणतात. ते टाकायचं तर आधी फोनचं कंपनीने लावलेलं मुख्य कुलूप उघडावं लागतं, त्याला बूटलोडर म्हणतात. आणि रूट केलं की फोनच्या आतल्या सगळ्या खोल्यांच्या चाव्या तुमच्याकडे. मी महिनाभर व्हिडिओ बघितले, फोरमवरचे थ्रेड्स वाचले, झोपेत पण कमांड टाइप करत होते. कुलूप उघडताना फोन पूर्ण पुसला जातो हेही मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं. म्हणून तर बॅकअप घेतला.

आई अस्तर आणि हुक आणायला उल्हासनगरला जाते, कॅम्प पाचला तिचा ठरलेला दुकानदार आहे. त्या दिवशी ती निघताना मी म्हटलं, "तू माझा फोन घेऊन जा, तुझ्यात अपडेट टाकते."

चपला घालता घालता ती म्हणाली, "त्यातलं काही जाणार नाही ना?"

"नाही गं."

"नक्की?"

"आई, मी हेच शिकते ना कॉलेजात."

ती गेली. घरात मी, लॅपटॉप आणि तो फोन. आईचे फोटो कॉपी केले, कॉन्टॅक्ट्स, चॅट्स, आणि रेकॉर्डिंगचा अख्खा फोल्डर. तो लॅपटॉपवर उघडून दोन-तीन फायली वाजवून पण बघितल्या. "शाळेतल्या बाई, उंची साडेतेरा." ओके. एकदम परफेक्ट. केबल लावली, कमांड मारली. फोनवर इंग्लिशमध्ये वॉर्निंग आली, सगळा डेटा कायमचा जाईल, हो की नाही. व्हॉल्यूमच्या बटणाने हो वर नेलं आणि पॉवर दाबलं. अजून मजाच होती तोवर.

रॉम टाकलं. फोन रीस्टार्ट झाला. एक गोल फिरायला लागलं. गाइडमध्ये लिहिलेलं, पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील. दहा झाली. पंधरा झाली. गोल फिरतंय. वीस. फोन इतका तापला की मी त्याच्याखाली ताटली ठेवली. याला बूटलूप म्हणतात, फोन चालू होतो आणि परत चालू होतो आणि परत, आणि आत कधी जातच नाही. माझी जी फाटली ना. कोणाला विचारणार, माझा फोन आईकडे. लॅपटॉपवर थ्रेड उघडला तर कोणीतरी लिहिलेलं, माझा असाच झाला, आता पेपरवेट म्हणून वापरतो, आणि खाली लोकांनी हसायच्या इमोजी टाकलेल्या. मी रडत परत पुसलं, परत टाकलं. माझीच चूक होती, एक फॉरमॅटची स्टेप गाळली होती. तिसऱ्यांदा गोल फिरलं आणि अचानक थांबलं आणि स्क्रीनवर आलं, वेलकम.

मी हॉलमध्ये नाचले. खरंच. फोन असा पळत होता की काय सांगू, लाल बटण दाबलं की त्याच क्षणी रेकॉर्डिंग चालू. रूट पण करून टाकलं. बॅकअप परत टाकला, आईचे फोटो आले, रेकॉर्डिंग्ज आली. खाली यादी सरकवत होते. सी बिल्डिंग, शाळेतल्या बाई, मेडिकलवाल्याची सून.

अंबरनाथच्या काकू नव्हत्या.

पहिल्यांदा वाटलं, असेल खाली. परत वरून बघितलं. मग आठवलं, आणि मी जमिनीवरच बसले.

अंबरनाथच्या काकू फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहतात, आईच्या जुन्या कस्टमर. वर्षभर आल्या नव्हत्या. गेल्या आठवड्यात आल्या, मुलाच्या साखरपुड्याची पिस्ता कलरची पैठणी घेऊन, आणि आईने मला आतल्या खोलीत पाठवून दार लावून घेतलं. खूप वेळ लावला. त्या गेल्यावर आईने हळू आवाजात सांगितलं, त्यांची एक बाजू काढलीये, कॅन्सर होता. ऑपरेशननंतर त्या शिवलेला ब्लाऊज घालायचाच नाही म्हणून बसल्या होत्या, सैल कुर्तेच घालायच्या. कपडे उतरवून उभं राहायला खूप वेळ लागला त्यांना. आईने वचन दिलंय की एकदाच, परत कधी नाही, ट्रायलला पण वरूनच बघीन. आणि मग आई म्हणाली, "हे रेकॉर्डिंग कुणाला सापडायला नको. कुलूप लावता येतं का गं?"

मीच लावून दिलं होतं. फोनमधलंच लॉक फोल्डर, तिचा वेगळा पिन. त्यात टाकलेली फाइल बाहेर कुठेच दिसत नाही. यादीत नाही, केबल लावली तरी नाही. मीच तिला फुशारकीने सांगितलं होतं, "आता तुझ्या पोरीला पण सापडणार नाही."

मग मी जे काही येत होतं ते सगळं केलं. डिलीट झालेल्या फायली परत आणणारी ॲप्स टाकली. फोन रूट केलेला होता, त्यामुळे आता मला त्याचा प्रत्येक कोपरा दिसत होता, आणि प्रत्येक कोपरा रिकामा होता. लॉक फोल्डरची किल्ली फोनच्या जुन्या सिस्टिममध्येच असते, ती मी स्वतः पुसली होती. तीन वेळा.

आणि आई आज संध्याकाळी ती पैठणी कापणार होती. रविवारी साखरपुडा. त्या साडीतला ब्लाऊज पीस एकच, परत मिळणारा नाही.

मी लगेच खरं सांगायला निघाले असं समजू नका, माझ्या डोक्यात काय काय आलं ते पण लिहिते. फोन आपोआप बिघडला असं सांगायचं. किंवा आईलाच म्हणायचं, तू टाकलंच नसशील नीट. किंवा आकडे मनाने बनवायचे, मी काकूंना पाहिलंय, अंदाजाने चौतीस. हे मी खरंच दहा मिनिटं विचारात घेतलं. मग खालून गेटचा आवाज आला आणि जिन्यात आईच्या पिशवीचा कठड्याला घासायचा आवाज.

"चहा ठेव," आई आत आली. "आणि हे बघ, पिस्ताचं अस्तर. डिट्टो मिळालं. चार दुकानं फिरले. झाला का माझा फोन?"

"झाला."

"मग तोंड का असं?"

"आई, अंबरनाथच्या काकूंचं रेकॉर्डिंग गेलं."

"कुठे गेलं?"

"पुसलं गेलं. माझ्याकडून. बाकी सगळं आहे. ते कुलपात होतं ना, म्हणून कॉपीच झालं नाही, मला आधी—"

तिने हात वर केला. मी थांबले. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती पिशवी हातात धरूनच मशीनच्या स्टुलावर बसली.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "दोनदा विचारलं."

मग म्हणाली, "तू ऐकलं होतंस ते?"

"नाही."

"चाळीस मिनिटांचं होतं. माप पाच मिनिटांचं. बाकी त्या बोलल्या. घरचं, हॉस्पिटलचं, नवऱ्याचं. माझ्या लक्षातच आलं नाही की चालू आहे."

"त्यांना माहितीये?"

तिने अस्तराची घडी मांडीवर उगाच सरळ केली. "नाही."

आता मला दोन भीती होत्या, आणि दुसरी आईच्या तोंडावर पण दिसत होती. मी तिला अशी कधी बघितलीच नव्हती.

"चल," ती उठली.

"मी कशाला?"

"मग कोण सांगणार? मला ते तू महिनाभर बडबडतेस ते बूट का काय, सांगता येणारे का?"

बदलापूर ते अंबरनाथ रिक्षात मी मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला विसरत होते. क्वार्टर्सच्या गेटपाशी उतरलो तेव्हा वाटलं, काकू घरी नसाव्यात. काकू घरीच होत्या. दार उघडून म्हणाल्या, "अगंबाई, ट्रायल एवढ्यात?"

मी उंबऱ्यातच चालू झाले. बूटलोडर, बॅकअप, एन्क्रिप्शन, सगळं एका दमात.

"बाळा," काकू म्हणाल्या, "आत ये, बस, आणि मराठीत सांग."

बसले. सांगितलं. मी आईचा फोन नीट करायला गेले आणि तुमचं माप पुसलं. चूक माझी आहे. काकूंचा हात आपोआप ओढणीकडे गेला, छातीपाशी. हळूच म्हणाल्या, "म्हणजे ते आता कुणाच्या तरी हाती लागलं?"

"नाही काकू. कुठेच नाहीये ते. मी स्वतः शोधलं, सगळीकडे शोधलं. मला सापडत नाही तर कुणालाच नाही सापडणार."

"वहिनी, अजून एक आहे," आई म्हणाली. "त्यात नुसतं माप नव्हतं. तुम्ही बोलत होतात ते पण सगळं होतं. मी बंद करायला विसरले. आणि नंतर तुम्हाला सांगितलं नाही."

वर पंखा खडखडत होता. मी त्याचे फेरे मोजायला लागले, कारण काकूंच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. आता म्हणतील, साडी परत द्या. आता म्हणतील, निघा.

"सगळं?" काकू म्हणाल्या. "ह्यांच्याबद्दल बोलले, ते पण?"

"ते पण."

"आणि ते पण गेलं?"

"गेलं," मी म्हटलं.

"मग बरं झालं गेलं ते." त्यांनी आईकडे बघितलं. "तुमच्यापेक्षा तुमची पोरगी बरी, वहिनी. दारातच कबूल झाली. तुम्ही आठ दिवस पोटात ठेवलंत."

आईने मान खाली घातली. माझ्यासमोर तिला कोणी असं बोललेलं मी दुसऱ्यांदाच ऐकलं, आणि दोन्ही वेळा मध्ये तो फोन होता.

काकूंनी बेडरूमच्या दाराकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मला कळत होतं त्या काय बघतायत, आणि हे सगळं माझ्यामुळे होतं, एका "नाही गं" मुळे.

"टेप आहे?"

"पर्समध्ये असतेच," आई म्हणाली.

"आणि फोन?"

"घरी ठेवून आलेय. मुद्दाम."

"मग आकडे कोण लक्षात ठेवणार? तुम्हाला तर लिहायची सवय नाही." आणि दोघींनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, मी बाहेर बसते, आई आतून ओरडून सांगेल. काकू म्हणाल्या, "म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला कळू दे."

आत पडदा ओढला. त्यांनी लाइट बिलाचा कागद दिला, मागची बाजू कोरी होती. मी पलंगाच्या कडेला कपाटाकडे तोंड करून बसले, पेन कागदावर टेकवलं. मागे कपड्यांची सळसळ झाली, मग ती थांबली. आईची टेप हलली.

"उंची साडेतेरा."

लिहिलं.

"कपाटाचं माप घेतेस का?" काकूंचा आवाज आला. "इकडे बघून लिही. परत चुकलं तर तिसऱ्यांदा नाही उभी राहणार मी."

मी वळले. मला जे दिसेल त्याची भीती नव्हती, माझ्या तोंडावर काय दिसेल याची होती, कारण काकू दुसरीकडे कुठेच बघत नव्हत्या, फक्त माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी आईच्या हाताकडे बघितलं. टेप, तिचा अंगठा, टेपवरचा आकडा.

"उजवी बाजू, मधून साडेनऊ," आई म्हणाली. "डावी सात. पाव इंच सोडून."

"डावी सात," मी म्हटलं, "पाव इंच सोडून."

"परत वाच," काकू म्हणाल्या.

मी परत वाचलं.