जन्मानं पापी मी नाही

"मान खाली घाल," सर म्हणाले आणि सगळ्या स्टाफसमोर हातानं माझी मान दाबली.

बुलढाणा जिल्ह्यातला मिशनचा एक लहान दवाखाना. मी तिथं नर्स. सर तिथले मोठे डॉक्टर, पुण्याहून आलेले. ड्युटीआधी रोज प्रार्थना व्हायची. मी बौद्ध, सगळ्यांना माहीत. मागं गप्प उभी राहायची. त्या सकाळी सरांनी प्रार्थना मलाच वाचायला दिली. वाचली. आजाऱ्यांसाठी होती, उपाशी माणसांसाठी होती. त्यात परकं काही नव्हतं. मग ओळ आली: हे प्रभू, मी जन्मापासून पापी आहे.

मी थांबले. तेव्हाच त्यांनी मान दाबली.

"सर, हे मी नाई म्हणत."

"का? बुद्ध काय, येशू काय, शिकवण एकच. करुणा, क्षमा."

"करुणा एक हाय, सर. पण..."

"हाय नाही, आहे. आधी मराठी शीक, मग धर्मावर बोल."

सगळे हसले. मी प्रार्थनेचा कागद टेबलावर ठेवून वॉर्डात गेले.

दिवसभर सलाईन लावत होते. आमच्या बीबी गावातली मालकीण आठवत होती. आई तिच्या शेतात निंदायला जायची. मी शाळेत पहिली आले, तेव्हा ती आईला म्हणाली, "पोरीचं डोकं चांगलं हाय. पण मागल्या जन्माचं पाप, म्हून तुमच्यात आली." तिनं माझं पाप मागच्या जन्मातून आणलं. सरांनी जगातल्या पहिल्या माणसाकडून; त्यानं देवाचं ऐकलं नाही, ते पाप म्हणे सगळ्यांना जन्मापासून लागलं. मी स्वतः काय केलं, हे दोघांनीही विचारलं नाही.

दुपारी मार्था मावशी चहा घेऊन आली. दवाखान्यातली जुनी आया. बाळंतिणी सांभाळायला तिनंच मला शिकवलं.

"काऊन एवढी चिडली? वाचून टाकायचं. माझा नवरा मेला तवा येशूनंच मले उचललं. तुले नाई उचलणार काय?"

तिचं ते खरं होतं. म्हणून जास्तच त्रास झाला.

"तुले उचललं, चांगलं झालं मावशी. पण आमच्या बुद्धानं मी उचलतो असं म्हटलंच नाई. रस्ता दाखवला. चालाचं आपणच."

"एकटीनंच?"

"हाव."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विहिरीत पडतेय. तिला माझी कीव आली.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, प्रार्थनेला येणार नाही, ड्युटीला वेळेवर येईन. त्यांनी मला बाळंतिणींच्या वॉर्डातून काढलं आणि औषधाच्या खोलीत बसवलं. मावशी अजून म्हणते, एक ओळ तर हाय.

सर, दोन्ही धर्म एकच असतील, तर एक सकाळ तुम्ही माझं म्हणा: देव नाही, आत्मा नाही, तारणारा कोणी नाही. म्हणाल? नाही म्हणणार. म्हणूही नका. ते तुमचं नाही.

आणि तुमचं ते माझं नाही. कामावरून काढा. मी म्हणणार नाही.