हातमामांची मूठ

बांधकामावर त्यांना सगळे हातमामा म्हणत. क्रेनखाली उभं राहून हातानं इशारे करायचे, हे त्यांचं काम. तळवा वर, म्हणजे उचल. बोट खाली, म्हणजे सोड. हात आडवा काढून मूठ आवळली, की थांब. वर काचेच्या खोपटात बसलेल्या क्रेनवालीला खालचं ओरडणं ऐकू जात नाही, म्हणून मामांचे हात हेच तिचे कान. सव्वीस वर्षांत मामांच्या इशाऱ्यावर उतरलेल्या एकाही तुळईनं कुणाच्या केसाला धक्का लावला नव्हता. घरीही हात आवरत नसत. जेवताना पुरे झालं की मूठ आडवी. मामी म्हणायच्या, "तोंडाला भाडं पडतं का हो?"

सोमवारी सकाळी मामा सायकलवरून कामावर निघाले होते. चौकाच्या अलीकडे भर रस्त्यात गटाराचं झाकण उघडं. मागं बस घरघरत होती. तिला थांबवावं म्हणून मामांनी उजवा हात बाहेर काढला, मूठ आवळली आणि स्वतः थांबायला डाव्या कडेला सरकले. ड्रायव्हरला दिसला उजवीकडे निघालेला हात. सायकलवाला उजवीकडे वळतोय, असं धरून त्यानं बस डावीकडून दामटली. मामाही डावीकडे, बसही डावीकडे! आरसा मामांच्या खांद्याला लागला, मामा फुटपाथवर आडवे आणि सायकलच्या मागच्या चाकाचा आठ.

"मूठ दिसली नाही का?" मामा पडल्यापडल्याच ओरडले.

ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला. "दिसली की! मला वाटलं हातात काहीतरी धरलंय."

"मूठ म्हणजे थांब!"

"कुणाच्या राज्यात?"

"मला तर वाटलं घोषणा देताहेत," बसच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

खांदा नुसता खरचटला होता, पण बातमी मामांच्या आधी कामावर पोचली. इंजिनिअरसाहेबांची एक सवय होती; आग लागली असती तरी त्यांनी 'म्हणजे कसं आहे ना' म्हटल्याशिवाय पाणी मागवलं नसतं.

"म्हणजे कसं आहे ना मामा, रस्त्यावर तुमचा हात कळला नाही. उद्या क्रेनवर कळला नाही तर? दोन टन लोखंड आहे, म्हणजे, कापूस नाही. उद्या त्या ड्रायव्हरलाही बोलावतो. चूक तुमची ठरली तर हात खिशात. गोदामात बसून खिळे मोजायचे."

खिळे! मामांचे हात आपोआप पाठीमागे गेले.

रात्री त्यांनी आरशासमोर उभं राहून मूठ काढून पाहिली. आरशातल्या मामांनी डावी काढली. मग आता नक्की कोण कुठं वळत होतं? त्यांनी हात बदलला, तर आरशातल्यांनीही बदलला. मामी दारातून म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुमची बघा, एका चाकाला भारी पडली!"

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांच्या पत्र्याच्या खोलीत चौघं जमली: साहेब, मामा, ड्रायव्हर आणि खाली उतरून आलेली क्रेनवाली. टेबलावर अपघाताचा फॉर्म होता.

"मला मूठ कळली नाही साहेब," ड्रायव्हर टोपी कुरवाळत म्हणाला. "मग अंदाज केला."

"अंदाज?" क्रेनवालीनं डोळे मोठे केले. "दादा, मला इशारा कळला नाही तर मी भार जागच्या जागी थांबवते. पहिल्याच दिवशी मामांनी शिकवलं. तुम्ही न कळता बस पुढं घातलीत?"

"वेळापत्रक असतं हो ताई..."

"आणि मला काय, सुट्टी असते?"

मामा सुटले होते. आता नुसतं गप्प राहायचं. पण त्यांचं डोकं भलत्याच ठिकाणी अडकलं होतं.

"पोरी, हात उचलायच्या आधी मी काय करतो गं?"

"माझ्याकडे बघता. मी मान हलवली की मगच उचलता."

"तेच तर! काल मी मागं बघितलंच नाही. ह्यांनी मान हलवली की नाही, मला काय ठाऊक? आणि आपली भाषा ह्यांना येते, हे मला कुणी सांगितलं?"

"अहो, पण मी थांबायला हवं होतं," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि मी बघायला."

"नाही नाही, मीच..."

"म्हणजे कसं आहे ना," साहेब घामाघूम झाले, "चुकीला एकच रकाना आहे! नाव कोणाचं लिहू?"

"दोघांचं," क्रेनवाली म्हणाली. "बारीक अक्षरात. मी वर जाते. मामा, खाली उभे राहा."

"मी?" मामांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फॉर्मकडे बघत होते. पट्टी घेऊन ते एका रकान्याचे दोन करू लागले.

मामा तुळईपाशी गेले. मान वर केली. काचेआड तिनं मान हलवली. मामांचा हात उठेना. तळवा की बोट? ती थांबली. तुळई जमिनीवर तशीच. कुणी घाई केली नाही. शेवटी मामांनी पुन्हा एकदा वर बघितलं, आणि तळवा सावकाश वर केला. तुळई जमिनीपासून वीतभर सुटली. मामांनी मूठ काढली. तुळई थांबली.

दारात ड्रायव्हर टोपी धरून बघत होता. मामांनी आता दोन्ही हात काहीतरी गोल फिरवले.

"साहेब," त्यानं हळूच विचारलं, "आता हे काय म्हणाले?"

"म्हणजे कसं आहे ना," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "मलाही सगळे हात येत नाहीत."