चूल पेटते ते गाव

जगन्नाथराव सरांची आणि माझी ओळख माझ्या चुकीतून झाली, आणि ते सांगायला मला आता लाज वाटत नाही. भोकरदनच्या कडेला आमची वसाहत. नवी शिक्षिका म्हणून तिथल्या घरोघरच्या मोजणीचं काम माझ्याकडे आलं. मी दारात उभी राहून विचारायची, "गाव कोणतं?" कोणी केदारखेडा सांगे, कोणी मंठा. वीस वर्षं इथं राहणारी माणसंही जिथं शेत आहे तेच आपलं गाव सांगायची. त्या सगळ्यांना 'तात्पुरते' लिहून मी मोकळी झाले. कागदावर वसाहतीत चार-दोन घरंच उरली, आणि एवढ्याशा वस्तीला पाण्याची टाकी कशाला, म्हणून मंजुरी अडली. टँकरपाशी उभ्या असलेल्या बायका मलाच बोल लावू लागल्या.

तेव्हा इतिहासाचे निवृत्त शिक्षक असलेले सर माझ्याकडे आले. मला वाटलं, आता खरडपट्टी. ते म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिलं ते बराबर. सवाल चुकला. चूल कुठं पेटते, ते विचारा." मग वही घेऊन ते महिनाभर माझ्यासोबत उन्हात फिरले. पहिलं घर कोणाचं, कोण कशासाठी आलं, घरात माणसं किती, सगळं त्यांनी लिहून घेतलं. बहुतेक जण पोरांच्या शाळेपायी आले होते. आमच्या वसाहतीलाही इतिहास आहे, हे आम्हाला त्या वहीमुळे कळलं.

शेजारच्या सखुबाई मात्र नाव देईनात. "हितं नाव लिहिलं अन् तिकडलं शेत गेलं, मंग?"

"शेत सातबाऱ्यावर राह्यतं, मावशी. तहान इथं लागती," सर म्हणाले. सखुबाईंनी घरातली सातही माणसं सांगून टाकली.

शेवटी सरांचं स्वतःचं घर आलं. मंठ्याहून आलेले त्यांचे धाकटे भाऊ ओसरीवर बसले होते. "दादा, तुम्ही बी गाव सोडून राह्यले का?" त्यांनी विचारलं.

सरांनी वही मांडीवर घेतली. "गाव सुटत न्हाई रे. पण माझंच नाव तिकडं ठेवून मी लोकांना काय सांगू?" असं म्हणून त्यांनी आपलं नाव वहीत लिहिलं. भाऊ चहा न घेताच उठले.

टाकीसाठी पुन्हा केलेल्या अर्जात सरांनी माझं नाव कुठंही येऊ दिलं नाही. 'आमच्या सांगण्यातच गफलत झाली' असं लिहिलं. टाकी झाली. नळाला पहिलं पाणी आलं त्या दिवशी सर वसाहतीत नव्हतेच, मंठ्याला भावाच्या दारी गेले होते. भावानं दार उघडलं, बोलणं मात्र झालं नाही. दोघांचं बोलणं आजही बंद आहे. सर त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं.

सरांना आता पंच्याहत्तरावं लागलं. त्यांना निरोगी शंभरी लाभो, आणि वसाहतीत जन्मलेल्या प्रत्येक पोराचं नाव त्यांच्याच अक्षरात लिहिलं जावो. पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या सरांच्या या गौरवग्रंथाची एक प्रत मी स्वतः मंठ्याला पाठवणार आहे. भाऊ, चूक माझी होती, राग सरांवर काढू नका. सरांच्या सत्काराला या. त्यांच्या शेजारची खुर्ची आम्ही कुणाला देणार नाही.