लांब दोराचा विंच

लोणावळ्याचे मिस्त्री बोलताना माणसाकडे बघत नसत, गाडीकडे बघत. तिला ‘बाई’ म्हणत. लढाईनंतर लष्करी सामान विकायला निघाले, तेव्हा फसलेली गाडी ओढायचे दोन हातविंच त्यांनी कामशेतला पाहिले. कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेला मी सोबत होतो. त्यांनी दणकट विंच सोडून लांब दोराचा हलका उचलला.

“ह्याला ताकद कमी हाय, मिस्त्री,” दुकानदार म्हणाला.

“मग आपली लावू की.”

कारण मला ठाऊक होते, असे मला वाटते. आदल्या पावसाळ्यात कुरवंड्याच्या उतारावर माझ्या मामांची लॉरी दरीकडे सरकत होती आणि मामा आत अडकले होते. मिस्त्रींच्या जुन्या विंचाचा दोर आखूड. विंच बांधण्याजोगे जवळ एकच झाड होते, आणि ते देवराईतले. तिथली वाळकी काडीसुद्धा गावात कुणी उचलत नाही.

“बांधा ना, मिस्त्री!” मी ओरडलो.

त्यांनी आधी वहाणा काढल्या. “आबा, बांधू का?” त्यांनी गावच्या म्हाताऱ्याला विचारले.

लॉरी पुन्हा सरकली. आबांनी खांद्यावरचे घोंगडे काढून खोडाभोवती गुंडाळले.

मामा जिवंत निघाले. सगळे त्यांच्याकडे धावले. मिस्त्री मात्र घोंगडे सोडून झाडावरून तळहात फिरवत होते.

“साल न्हाई गेली, आबा.”

“व्हय. पन पुन्यांदा हितं नगं.”

“न्हाई. दुसऱ्या झाडापातुर पोचंल असा दोर आनतो.”