दिव्यांनी डोळे बिघडतात म्हणे

आमच्या खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले भाऊजी मुळात निरुपद्रवी गृहस्थ. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मधल्या खोलीत वहिनींचा शिवणवर्ग आणि मागे संसार. शिवणवर्गाला मीही जाते. अजून एकाच उशीच्या अभ्र्यावर आहे, पण शिवायला जातंय कोण? साऱ्या गल्लीच्या बातम्या संध्याकाळी तिथे ताज्या मिळतात.

डोळे तपासायची भाऊजींची एक रीत आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात काच घालायची आणि विचारायचं, "हे बरं?" मग काच काढून, "की हे बरं?" पुष्कळदा तीच काच पुसून परत घातलेली असते. तरी माणूस हटकून म्हणतो, "हां, आता कसं स्वच्छ!"

तर झालं असं, की नगरपालिकेने आमच्या गल्लीत नवे पांढरेशुभ्र दिवे बसवले आणि एका वाहिनीची मुलगी माइक घेऊन लोकांचं मत विचारत फिरू लागली. माइक दिसल्याबरोबर भाऊजींनी गिऱ्हाइकाला चौकटीसकट तसंच बसवलं आणि कॉलर सारखी केली.

"मत कसलं घेताय? माझ्याकडे पुरावा आहे. हे दिवे लागल्यापासून माझं गिऱ्हाईक दुप्पट झालंय. दिव्यांनी डोळे बिघडतात!"

आता, समोरच्या चष्मेवाल्याने त्याच सुमारास दुकानाला कुलूप लावून लेकीकडे मुक्काम हलवला होता, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण शेंबड्या पोरापुढे माइक कोण धरतो?

संध्याकाळी भाऊजींच्या चेहऱ्याखाली 'नेत्रतज्ज्ञ' अशी पट्टी झळकली. दुसऱ्या दिवशी ते 'ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञ' झाले. मग चर्चा पेटली. विरोधी पक्षाचे प्रवक्ते म्हणाले, जनतेला आंधळं करण्याचा हा कट आहे. सत्ताधारी म्हणाले, दिवे आधीच्या लोकांनीच मागवले होते. एका निवृत्त साहेबांनी टेबलावर मूठ आपटून विचारलं, "आपल्या पूर्वजांना चष्मा होता का?" नव्हताच. त्यांना दिसत होतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. शेवटी नगरपालिकेने लोकभावनेचा आदर केला आणि चौकशी होईपर्यंत आमच्या गल्लीतले दिवे बंद ठेवले. चौकशी कुठे अडली होती कोण जाणे. अंधारात सापडत नसावी.

शिवणवर्गाच्या बायका कामावरून सुटून येणाऱ्या. एकीचा पाय खड्ड्यात मुरगळला. दुसरीच्या मागे कोपऱ्यापासून कुणीतरी चालत आलं. मग तिसरी आलीच नाही. मशिनांवर चादरी पडल्या आणि माझ्या बातम्या आटल्या.

"काय दिवे लावलेत हो!" वहिनी कडाडल्या. "महिनाअखेर बायका परत आल्या नाहीत तर वर्ग बंद करते, मशिनं विकते आणि तुमच्या दुकानात येऊन बसते."

"दुकानात? दिवसभर?"

"दिवसभर. अगदी शेजारी. आणि कुणाला दोनदा विचारू देणार नाही."

भाऊजींनी पायात चपला सरकवल्या. ते तडक वाहिनीवर खरं सांगायला गेले. आम्ही दोघी इकडे टीव्हीसमोर.

"माझं चुकलं," भाऊजी म्हणाले. "समोरचं दुकान बंद पडलं म्हणून गिऱ्हाईक वाढलं. दिव्यांचा काही दोष नाही."

त्या वाहिनीवर पहिल्यांदाच शांतता पसरली. निवेदकाने स्वतःला कसंबसं सावरलं. "कुणाच्या दबावाखाली बोलताय?"

"बायकोच्या."

"म्हणजे दबाव आहे!"

मग एका चौकटीत भाऊजींची जुनी मुलाखत लावली, दुसऱ्या चौकटीत हे जिवंत बसवले आणि प्रेक्षकांना विचारलं, खरा तज्ज्ञ कोणता? जुने भाऊजी प्रचंड मतांनी निवडून आले. जिवंत भाऊजी दिव्यांच्या कंपनीचे दलाल ठरले.

घरी येऊन ते एकच काच पुसत बसले.

"झालं खरं बोलून?" वहिनींनी विचारलं.

मला राहवेना. "भाऊजी, तुम्ही गिऱ्हाइकाची काच बदलता कुठे? तीच पुसून परत घालता ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्याच नाकावर कुणी तीच काच पुसून चढवली होती.

सकाळी त्यांनी स्वतःच वाहिनीच्या मुलीला बोलावून घेतलं. "नवं संशोधन आहे. रोज अंधारातून चालणाऱ्याची नजर जाते. या गल्लीतल्या निम्म्या मतदारांना मतपत्रिकेवरची नावं वाचता येत नाहीत. कोण कुणाला मत देऊन बसेल, सांगता येत नाही."

"पुरावा?"

"माझं गिऱ्हाईक दुप्पट झालंय!"

निवडणूक तोंडावर आलेली. दुपारी सत्ताधाऱ्यांची शिडी आली, संध्याकाळी विरोधकांची. एकाच खांबावरून दोघांची हमरीतुमरी झाली, तेव्हा प्रत्येकाने आपापला खांब रोवला. आता गल्लीत इतका लख्ख उजेड आहे, की मी डोळ्यांवर उशी घेऊन झोपते, तीही बिनअभ्र्याची. शिवणवर्ग मात्र भरला. मुरगळलेल्या पायाची बाईसुद्धा आली.

काल तीच सुई ओवता ओवता वैतागली. "अगं बाई, हे नवे दिवे आल्यापासून मला नीट दिसेनासंच झालंय!"

पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनी शांतपणे उठल्या आणि मधलं दार लावून त्यांनी कडी घातली.