शिरपूर रस्त्यावरून आलेला फोन

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, सख्ख्या बहिणीसमोरही नाही. एकदोनदा अगदी ओठांपर्यंत आलं होतं — मग मी उठून पाणी प्यायले आणि दुसरंच काहीतरी बोलले. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगायला सोपं जातंय, असं म्हणू का? तसंही नाही. का सांगतेय ते मलाच नीट कळलेलं नाही. पण सांगते.

मी उज्ज्वला. जळगावात पिंप्राळ्याला राहते, शाळेत मराठी शिकवते. कॉलेजात होते तेव्हापासून नाटकात काम करते. आमची हौशी मंडळी — कोणी बँकेतलं, कोणी दुकानातलं, संध्याकाळी कामं आटोपून तालमीला जमायचो. नाटक बसवायचे ते नाना. वयाने वडलांसारखे, सगळ्यांचेच नाना. मुख्य काम मला मिळायचं. ते मलाच मिळणार यात कधी कोणाला काही विचारायची वेळच आली नव्हती.

आणि मग रंजना आली.

ती चोपड्याची. घरी केळीची बाग, वडील आणि थोरला भाऊ. जळगावात खोली घेऊन एका क्लासमध्ये गणित शिकवायची. पहिल्या दिवशी नानांनी तिला उतारा वाचायला दिला तर ‘पाणी’चं ‘पानी’ झालं, आणि मधेच गांगरून ती ‘बठ्ठं वाचू का?’ — म्हणजे सगळं वाचू का — असं विचारून बसली. सगळे हसले. मी हसले नाही. मी तिला बाजूला घेतलं, आणि पुढे कितीतरी दिवस तालमीच्या आधी तिच्याकडून ‘ण’ आणि ‘ळ’ घोटून घेतले. मला ताई म्हणायची. तेव्हा मी तिच्याशी किती चांगली वागले — बघा, हे सांगायची संधीसुद्धा मी सोडत नाहीये.

हेवा नक्की केव्हा सुरू झाला? मला वाटतं, पेनापासून. नाना तालीम बघताना हातात पेन धरून बसायचे. माझं काम चालू असलं की पेन चालू असायचं — इथे थांब, तिथे आवाज खाली घे. रंजना बोलायला लागली की नाना पेन मांडीवर ठेवायचे. एवढंच. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसेल. मी मात्र तालीमभर त्या पेनाकडे बघत असायचे.

घरी भाजी चिरताना मी तिचे संवाद तिच्यासारखे म्हणून बघायचे. शब्द तेच, थांबायच्या जागा त्याच, उच्चार तर माझेच — मीच शिकवलेले. तरी ते तसं व्हायचं नाही. मग मला तिच्या सगळ्याचाच राग येऊ लागला. तिने सगळ्यांसाठी घरची केळी आणली की वाटायचं, पुढे पुढे करते. नाही आणली की वाटायचं, आता गरज उरली नाही. आणि हे सगळं चालू असताना मी तिची वेणी नीट करून देत होते, तिच्यासाठी डब्यात भरीत जास्त आणत होते. तुम्ही कधी असं केलंय का? ज्याचा हेवा वाटतो त्याच्यावर जरा जास्तच माया दाखवणं?

त्या वर्षी तिने स्वतः एकांकिका लिहिली. अंतराळयानाची. पाच जण कित्येक वर्षांनी पृथ्वीकडे परत निघालेत, इंधन घरापुरतंच उरलंय, आणि अचानक एका मोडक्या यानातून मदतीची हाक येते. वळावं की नाही, यावरून पाचही जणांत जुंपते. शेवटी कॅप्टन यान वळवते. आमच्या भागात असलं काही कोणी केलं नव्हतं. नानांनी वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. कॅप्टन कोण करणार हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. रंजना कॅप्टन. मी रेडिओ ऑफिसर — कानाला हेडफोन लावून ती हाक पहिल्यांदा ऐकणारी.

यान आम्ही जुन्या कूलरच्या पत्र्यांचं केलं, वर निळे बल्ब. रंजनाचा भाऊ, सुभाषभाऊ, एकदा केळी घेऊन जळगावला आला तेव्हा तालमीत डोकावला. त्या पत्र्यांभोवती फिरून आला, हसला, आणि मला अगदी अभिमानाने म्हणाला, “ताई, मन्ही बहीण कॅप्टन शे.” मी म्हणाले, “हो ना, भाऊ.” माझे कॅप्टनचे सगळे संवाद तोवर पाठ झाले होते. कोणी सांगितलं नव्हतं. मीच केले होते.

स्पर्धा धुळ्याला होती, मे महिन्यात. आम्ही सामान घेऊन टेम्पोने पारोळ्यावरून गेलो. रंजना सुट्टीला चोपड्याला गेली होती. ती शिरपूरमार्गे भावाच्या मोटरसायकलवर थेट धुळ्याला येणार होती. आमचा प्रयोग दुपारच्या जेवणानंतर लगेचचा. मंडळी यान उभं करत होती, नाना स्टेजवर हातोडा घेऊन खिळे ठोकत होते. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता — प्रयोगाआधी ते नेहमी माझ्याकडेच द्यायचे. रंजना अजून पोचली नव्हती. उशीर झाला होता, आणि नाना घड्याळाकडे बघत होते, आणि मी — मी मनात म्हणत होते, नको येऊ दे.

तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

मी विंगेमागच्या खोलीत जाऊन उचलला. रंजना होती. धापा टाकत होती. “नाना?” म्हणाली. मी म्हणाले, “मी उज्ज्वला.”

“ताई, गाडी मोरीवरून खाली गेली. शिरपूरच्या अलीकडे. भाऊचा पाय गाडीखाली आहे, मला एकटीला उचलत नाहीये. माझा फोन फुटला, हा भाऊचा आहे, बॅटरी संपत आली. रस्त्यावर कोणी दिसत नाही. नानांच्या साडूंना सांगा ना, जीप घेऊन येतील.”

नानांचे साडू शिरपूरला राहतात हे मला माहीत होतं. त्यांची जीप मी पाहिली होती. त्यांचा नंबर माझ्या हातातल्या त्याच फोनमध्ये होता.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “हॅलो? रंजना, आवाज येत नाहीये.”

आवाज येत होता. मागे सुभाषभाऊ कण्हत होता तोही येत होता. ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून — मी तिला शिकवलं होतं तसं. मी पुन्हा म्हणाले, “काही ऐकू येत नाही गं.” आणि फोन ठेवला. मग तो बंद केला.

मला भीती वाटली, काही सुचलं नाही, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. खोटं आहे. मला सगळं सुचलं होतं. नानांना कळलं तर ते प्रयोग रद्द करून टेम्पो शिरपूरकडे काढतील, हे सुचलं. त्या रस्त्याने कोणी ना कोणी जाईलच, हे सुचलं. प्रयोग तासाभराचाच आहे, नंतर फोन करू, हेही सुचलं. मे महिन्यातल्या भर दुपारी तो रस्ता कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं थोडंच?

मी स्टेजवर गेले आणि नानांना म्हणाले, “रंजनाचा फोन होता. गाडी बंद पडलीय, वेळेत पोचत नाही. म्हणाली, प्रयोग थांबवू नका, ताईला कॅप्टन करू दे.”

हे शेवटचं वाक्य मी का जोडलं? नुसतं गाडी बंद पडली म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला ती भूमिका तिच्या हातून दिलेली हवी होती. नाना हातोडा खाली ठेवून म्हणाले, “मोठ्या मनाची पोरगी आहे.” माझं रेडिओ ऑफिसरचं काम लाइटवाल्या राकेशने आतून आवाज देऊन निभावलं.

शेवटी यान वळवताना कॅप्टन म्हणते, “ऐकू आलं नसतं तर आपण घरी गेलो असतो. पण ऐकू आलंय.” ते वाक्य मी म्हणाले. तुम्हाला वाटेल, तिथे माझी जीभ अडखळली असेल. नाही. मी ते आयुष्यात कधी बोलले नाही इतकं चांगलं बोलले. सभागृहात कूलर घरघरत होते, त्याखेरीज आवाज नव्हता, आणि पहिल्या रांगेच्या कडेला बसलेल्या नानांचं पेन मांडीवर होतं. मी पाहिलं. बोलता बोलता पाहिलं. मला लाज वाटली नाही — मी इतकी सुखी होते.

प्रयोग संपल्यावर मी फोन चालू केला. तो तिच्या भावाचा नंबर लावून पाहिला, लागला नाही. पण साडूंना फोन केला नाही, कारण तेव्हा केला असता तर सगळं उघडं पडलं असतं. संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. एकांकिका पहिली आली, अभिनयाचं बक्षीस मला मिळालं. त्यानंतर रंजनाच्या वडलांचा नानांना फोन आला. एका दुधाच्या गाडीवाल्याने बऱ्याच उशिरा त्यांना पाहिलं होतं. आधी शिरपूर, मग तिथून धुळ्यालाच आणलं होतं, आम्ही होतो तिथून जवळच्याच एका दवाखान्यात.

बक्षिसांसाठी आम्ही वेशातच थांबलो होतो; मेकअप न उतरवता तसेच गेलो. रंजनाचे वडील भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. डॉक्टर त्यांना सांगत होते की गुडघ्याखालचा पाय वाचवता येणार नाही, रक्त पुरवणारी शीर दबून खूप वेळ गेला. लवकर आणलं असतं तर, असं काहीतरी म्हणून डॉक्टर थांबले. वडलांनी नुसती मान हलवली. मी दोन पावलांवर उभी होते. सगळं ऐकू आलं.

रंजना बाकावर बसली होती, हाताला पट्टी, कपाळावर माती तशीच. नाना तिच्याजवळ बसले. म्हणाले, “एवढं झालं आणि तू फोनवर गाडी बंद पडली म्हणालीस? प्रयोग बुडू नये म्हणून? आणि वर उज्ज्वलाला कॅप्टन करू दे म्हणालीस?”

रंजनाने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर अजून कॅप्टनचा कोट होता. तिने पुष्कळ वेळ पाहिलं. मग नानांना म्हणाली, “हो, नाना.”

बस. त्यापुढे ती त्याविषयी माझ्याशी बोललेली नाही. कधीच नाही. मी वाट पाहिली — दवाखान्यात, त्यांच्या घरी, मग वर्षानुवर्षं. तिने मला वाचवलं, की तिच्या लेखी मी बोलण्याच्या लायकीची उरले नाही? मला माहीत नाही. पण त्या क्षणी मला काय वाटलं ते मला माहीत आहे, आणि खरं तर तेच सांगायला इतका वेळ लागला. मला त्या ‘हो’चा हेवा वाटला. दवाखान्याच्या त्या बाकाजवळ, भावाचा पाय जात असताना, ती माझ्याहून सरस ठरली होती, आणि मला तेही सहन झालं नाही.

रंजनाने नाटक सोडलं. चोपड्याला परत गेली, भावाच्या हाताखाली बाग सांभाळली, पुढे तिथल्याच शाळेत लागली. ती एकांकिका आम्ही आणखी दोन-तीन ठिकाणी केली. कॅप्टन मीच. नाना आता नाहीत. जायच्या आधी मी त्यांना भेटायला गेले होते, शेजारी बसले होते, खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हाही सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात रंजनाचा फोन आला. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं तीच एकांकिका करणार होती, आणि तिला मी पाहुणी म्हणून हवी होते. मी गेले. तिने मुलांना सांगितलं, “ह्या माझ्या ताई. मी आज जे बोलते ते यांनी शिकवलंय.” माझ्या शेजारच्या खुर्चीवर सुभाषभाऊ बसला होता. पँटमधला नकली पाय त्याने सरळ पुढे ठेवला होता. मला म्हणाला, “ताई, कितला दिसमां उन्यात तुम्ही.” म्हणजे किती दिवसांनी आलात. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. त्या फोनचं त्याला किती आठवतं, हे मी कधी विचारलेलं नाही.

आठवीतली एक मुलगी कॅप्टन झाली होती. रंजना विंगेत उभी राहून तिच्याबरोबर ओठ हलवत होती, आणि समोर बसलेले आईबाप स्टेजकडे कमी, विंगेकडे जास्त बघत होते. आणि माझा तोच हेवा सुरू झाला. इतक्या वर्षांनी, तसंच.

नाटक झाल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, ताईंनी दोन शब्द बोलावेत. मला काहीही बोलता आलं असतं. मुलांचं कौतुक करून खाली बसता आलं असतं. मी माइक हातात घेतला आणि म्हणाले की या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तुमच्या बाईंना मोठा अपघात झाला होता, तरी त्यांनी फोन करून मला सांगितलं, ताई, प्रयोग थांबवू नका, कॅप्टन तुम्ही करा. मी ते चांगलं सांगितलं. योग्य जागी थांबले, आवाज खाली घेतला.

मुलांनी खूप टाळ्या वाजवल्या. सुभाषभाऊने वाजवल्या. रंजना माझ्याजवळ आली, माझ्या हातातून माइक घेतला आणि पुढच्या कार्यक्रमाचं नाव पुकारलं.